ईना मीना डिका कुठून आलं?

मुलांनो, आधी एक काम करा. हातातला खाऊ बाजूला ठेवा आणि पायानं संथपणे चार आकडे मोजा. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. जमलं? आता पाय तसाच चालू ठेवा, आणि टाळी मात्र फक्त दोनला आणि चारला वाजवा. एकला नाही हं! आपल्याला आरतीत, भजनात एकला जोर द्यायची सवय असते, म्हणून सुरुवातीला हात हमखास चुकतो. चुकू दे. पुन्हा करा. एकदा का जमलं, की मान आपोआप डुलायला लागते, खांदे हलायला लागतात आणि स्वयंपाकघरातून आई विचारते, "काय चाललंय रे?"

आईला सांगा, "स्विंग चाललंय."

स्विंग म्हणजे झोका. क्रिकेटचा चेंडू हवेत वळतो त्यालाही स्विंगच म्हणतात, पण आपला आजचा स्विंग गाण्यातला. घड्याळाची टिकटिक कशी असते? प्रत्येक टिक सारखीच. पण घोडा दुडक्या चालीनं निघाला की टापांचा आवाज सारखा येत नाही. एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. झोक्यावर बसल्यावरही तसंच होतं. वर गेल्यावर क्षणभर थांबल्यासारखं वाटतं आणि मग सर्रकन खाली येतो. स्विंग संगीतात ठेक्याचे दोन तुकडे असेच असतात, पहिला जरा रेंगाळतो आणि दुसरा घाईत येतो. एवढ्याशा फरकानं सरळ चालणारं गाणं झोके घ्यायला लागतं.

२०१४ साली इंग्लंडचा पॉप गायक रॉबी विल्यम्स हेच संगीत घेऊन गावोगाव, म्हणजे देशोदेशी फिरला. हा आधी 'टेक दॅट' नावाच्या पोरांच्या गटात नाचून-गाऊन प्रसिद्ध झालेला. २००१ साली त्यानं सूटबूट, टाय असा पोशाख करून लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जुन्या वळणाची स्विंग गाणी म्हटली. (याच सभागृहात १९७४ साली आपल्या लता मंगेशकरांचं गाणं झालं होतं, आणि रॉबीचा जन्मही १९७४ चाच. योगायोग!) मग २०१३ मध्ये त्यानं स्विंगचा आणखी एक अल्बम काढला. इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेला तो बरोबर हजारावा अल्बम ठरला. त्यानंतरचा त्याचा दौरा युरोपातल्या कितीतरी शहरांतून झाला आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला.

दौरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तो गायक येतो. प्रकाशाचा झोत त्याच्यावर, नाव त्याचं, तिकिटं त्याच्या नावावर. पण मला विचाराल तर अशा कार्यक्रमात खरं बघण्यासारखं असतं ते मागे. तिथं पायऱ्यापायऱ्यांवर वादक बसलेले असतात. वर ट्रम्पेटवाले, त्यांच्या जवळ लांब नळी पुढे-मागे सरकवणारे ट्रोम्बोनवाले, पुढे सॅक्सोफोनवाले, कडेला पियानो, उभा मोठा डबल बास आणि ड्रम. पंधरा-वीस माणसं. झोका देतात ती हीच माणसं. गायक फक्त वर बसतो!

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडचा गायक, ऑस्ट्रेलियाचा दौरा, आपल्या गारगोटीचा यात काय संबंध? संबंध आहे. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात चौथीच्या मुलींनी 'ईना मीना डिका' या गाण्यावर नाच बसवला. तालीम चालू असताना एक मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाई, ह्ये गाणं कुठल्या भाषेतलं हाय?" मी म्हटलं, हिंदी सिनेमातलं. ती म्हणाली, "पण ह्यात हिंदी कुठं हाय?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधायला निघालं की आपण ताज हॉटेलात पोचतो, गोव्यातल्या चर्चमध्ये पोचतो आणि शेवटी अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) पुणतांबे गावी येतो.

सुरुवात अमेरिकेतून करू. तिथं आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या माणसांच्या पुढच्या पिढ्यांनी एक नवं संगीत घडवलं. त्याचं नाव जॅझ. न्यू ऑर्लिन्स हे त्याचं माहेर. त्याच जॅझला १९३० नंतरच्या काळात मोठमोठ्या वाद्यवृंदांनी नाचायचं रूप दिलं, ते स्विंग. १९२९ च्या मंदीनं लोकांचे रोजगार गेले होते, खिसे रिकामे होते. पण घरोघरी रेडिओ आला होता आणि नाचायला पैसे पडत नाहीत! ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, बेनी गुडमन या वाद्यवृंदप्रमुखांची नावं पोरांच्या तोंडी झाली.

या वाद्यवृंदांची एक रीत आपल्याला चांगली ओळखीची वाटेल. ट्रम्पेटवाल्यांनी एक ओळ वाजवायची आणि सॅक्सोफोनवाल्यांनी तिला उत्तर द्यायचं. भजनात बुवा एक चरण म्हणतात आणि टाळकरी तो उचलून धरतात, तसंच. आफ्रिकेतली ही सवय समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि गुलामगिरीतही टिकून राहिली.

याच काळातली एला फिट्झगेराल्डची गोष्ट स्टेजला घाबरणाऱ्या प्रत्येकानं ऐकायला हवी. १९३४ साली, सतरा वर्षांची असताना, ती न्यू यॉर्कच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या स्पर्धेला गेली. जायचं होतं नाचायला. पण तिच्या आधी ज्या बहिणी नाचून गेल्या त्या इतक्या झकास नाचल्या की हिचे पायच गळाले. आता काय करायचं? स्टेजवर तर आलोय! ती गायला लागली आणि पहिलं बक्षीस घेऊन गेली. पुढे ती जगातली फार मोठी स्विंग गायिका झाली.

पण या संगीताची एक कडू बाजू होती. ज्या हॉटेलांत हे काळे वादक रात्रभर वाजवायचे, तिथं अनेक ठिकाणी त्यांना पुढच्या दारानं आत यायची परवानगी नव्हती. जेवायला वेगळं, राहायला वेगळं, बसमध्ये बसायलासुद्धा वेगळं. टाळ्या मात्र त्यांनाच! हे आपल्याला समजायला जड जाऊ नये. आपल्या देशातही पाणवठे वेगळे होते आणि ते सगळ्यांना खुले व्हावेत म्हणून १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला होता. मग यातले काही वादक दूरदेशी निघाले. कुणी पॅरिसला, कुणी शांघायला, आणि कुणी चक्क मुंबईला.

१९३५ साली लिऑन ॲबी नावाचा व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. विमानाचा नव्हे, बोटीचा जमाना तो. किती दिवस समुद्रावर काढले असतील! ज्यांना स्वतःच्या देशात पुढचं दार बंद होतं, ती माणसं इथं ताजमध्ये राहू लागली. त्यांच्यामागून आणखी वादक आले. त्यातल्या एका ट्रम्पेटवाल्याचं नाव होतं क्रिकेट स्मिथ. मुंबईसारख्या क्रिकेटवेड्या शहरात क्रिकेट नावाचा माणूस आणि तो वाजवतो ट्रम्पेट! पियानोवादक टेडी वेदरफर्ड शांघाय करून मुंबईला आला, पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवू लागला आणि १९४५ साली तिथंच पटकीच्या साथीत गेला. घरी परतलाच नाही.

ताजमधला श्रोता कोण? साहेबलोक, संस्थानिक, श्रीमंत पारशी. तुमच्याआमच्या पणजोबांना तिथं कोण विचारतंय! मग हे संगीत ताजच्या नाचघरातून बाहेर पडून गारगोटीच्या स्नेहसंमेलनापर्यंत आलं कसं? ते आणलं गोव्याच्या माणसांनी.

आपल्या भुदरगड तालुक्याच्या डोंगरांपलीकडे घाट उतरला की कोकण, आणि कोकणाला लागून गोवा. १९६१ पर्यंत तिथं पोर्तुगिजांचं राज्य होतं. तिथल्या गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असायच्या आणि त्या शाळेत पोरांना संगीत शिकावंच लागे. शिकवणाऱ्याला मेस्त म्हणत. हे मेस्त भारी कडक! आधी सूर लिहायला-वाचायला शिका, मगच व्हायोलिनला हात लावा. आपल्याकडे गुरूनं म्हणायचं आणि शिष्यानं ऐकून उचलायचं, ही पद्धत. गोव्यातल्या पोराला मात्र पाच आडव्या रेघांवरचे ठिपके दिसले की आपण पत्र वाचतो तसं तो गाणं वाचायचा. आयुष्यात कधीच न ऐकलेलं गाणंसुद्धा, कागद समोर ठेवला की वाजवायला सुरुवात.

गोव्यात शेती थोडी आणि नोकऱ्या त्याहून कमी. त्यामुळे ही वाद्यं घेऊन पोरं मुंबईला यायची. धोबीतलाव भागात गोव्यातल्या एकेका गावानं आपापल्या माणसांसाठी एकत्र राहायची जागा केलेली असे, तिला कूड म्हणत. बोटीवरचे खलाशी, आचारी, वेटर आणि वादक सगळे तिथंच, आपापल्या ट्रंका भिंतीला लावून. ताजमधल्या त्या अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून वाजवायची संधी यातल्या काहींना मिळाली. वाचता येतच होतं. झोका त्यांनी शेजारी बसून उचलला.

अशांपैकीच एक अंतोनियो शाव्हियेर वाझ. गाव बार्देशातलं हळदोणे, जन्म १९१६ चा. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. स्टेजवरचं नाव तर अजून गोड : चिक चॉकलेट! चिकचा वाद्यवृंद मुंबईत गाजला.

पुढे १९४७ साली इंग्रज गेले, संस्थानं गेली, आणि १९४९ च्या कायद्यानं मुंबई राज्यात दारूबंदी आली. नाचघरं ओस पडायला लागली. दारूबंदी चांगली का वाईट हा मोठ्यांचा वाद आपण मोठ्यांवर सोडू. पण शेकडो वादकांपुढे प्रश्न उभा राहिला, की आता वाजवायचं कुठं? त्याच वेळी त्याच शहरात हिंदी सिनेमाचा धंदा जोरात वाढत होता, आणि त्याला वादक हवे होते.

आता येऊ पुणतांब्याला. गोदावरीच्या काठावरच्या या गावी १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकरांचा जन्म झाला. गाण्याचं शिक्षण अगदी आपल्या शास्त्रीय पद्धतीनं, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे. नट व्हायला म्हणून ते सिनेमात आले, पण तिथं काही जमलं नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा कंपनीत पेटी वाजवायला लागले. या पेटीवाल्या अण्णांच्या कानावर मुंबईतलं ते झोके घेणारं संगीत पडलं. शास्त्रीय शिकलेल्या कित्येकांनी नाकं मुरडली. अण्णांनी मात्र गोव्याच्या वादकांशी दोस्ती केली.

त्यांनी सिनेमासाठी नाव घेतलं सी. रामचंद्र. गाताना मात्र ते चितळकर म्हणून गायचे. सिनेमाच्या पाटीवर ही दोन वेगळी माणसं आहेत असंच पुष्कळांना वाटायचं! १९४७ च्या ऑगस्टमध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच सुमारास, त्यांचा 'शहनाई' आला. त्यातलं 'संडे के संडे'वालं गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. मग १९५१ साली 'अलबेला'. त्यातले नायक होते भगवानदादा, म्हणजे भगवान आभाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. अंगानं गोलमटोल, पण खांदे आणि हात असे हलवायचे की थिएटरात लोक पडद्यावर नाणी फेकायचे. गणपतीच्या मिरवणुकीत तुमचे आजोबा दोन्ही हात किंचित उचलून, जागच्या जागी डुलत नाचतात ना, तो हाच भगवानदादांचा नाच. शिकवायला कुणी नव्हतं, सगळ्या महाराष्ट्रानं तो पाहूनच उचलला. २०१६ साली भगवानदादांवर 'एक अलबेला' नावाचा मराठी सिनेमाही आला.

त्या काळी गाणं तयार कसं व्हायचं, हे सांगते. अण्णा पेटी घेऊन बसायचे आणि चाल म्हणून दाखवायचे. शेजारी गोव्याचा साहाय्यक, हातात पेन्सिल. तो ती चाल ऐकता ऐकता पाच रेघांवर लिहून घ्यायचा. इथपर्यंत काम अण्णांचं. त्यापुढे चालीच्या आधी काय वाजेल, दोन कडव्यांच्या मध्ये काय वाजेल, ट्रम्पेट कुठं शिरेल, व्हायोलिन कुठं गप्प राहील, असा सगळा सांगाडा रचायचा. प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहायचा. या माणसाला ॲरेंजर म्हणतात, आपण संगीतसंयोजक म्हणू. रेकॉर्डिंगला सगळे एकाच खोलीत, गायक, वादक, ढोलकवाला, सगळे. आजच्यासारखं तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रण करून नंतर जोडायची सोय तेव्हा नव्हती. कुणीतरी शेवटच्या ओळीत चुकलं, की चला, पुन्हा पहिल्यापासून! मागच्या बाकावरच्या तालवाद्यवाल्याला खोकला आला तरी संपलं.

एवढी मेहनत करून सिनेमाच्या पाटीवर नाव यायचं संगीतकाराचं. क्वचित कुठं साहाय्यकाचं. ट्रम्पेट कुणी वाजवली, व्हायोलिनचा तो तुकडा कुणाला सुचला, याचा पाटीवर पत्ता नाही. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांतला तो भरगच्च वाद्यमेळ रचला सेबास्टियन डिसोझांनी. गाणी आपल्याला पाठ, शंकर-जयकिशन माहीत, आणि सेबास्टियन? घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. दहातला एक सांगेल.

आणि आता तुमचं ते 'ईना मीना डिका'. सिनेमा 'आशा', साल १९५७, संगीत सी. रामचंद्र. एकदा किशोरकुमार यांच्या आवाजात आणि एकदा आशा भोसले यांच्या. सांगतात ते असं, की अण्णांच्या खोलीबाहेर मुलं खेळत होती आणि राज्य कुणावर येतं हे ठरवायला आपण अडम तडम करतो तसं इंग्रजीतलं 'ईनी मीनी' म्हणत होती. ते अण्णांच्या कानावर पडलं आणि चाल सुचली. त्यांचे साहाय्यक होते गोव्याचे जॉन गोम्स. त्यांनी त्यात आपल्या पदरचे शब्द घातले. आमच्या चौथीतल्या मुलीला या गाण्यात हिंदी सापडलं नाही, त्याचं कारण हे! पण एक भाषा त्यात नक्की आहे. कोकणीत 'मला नको' कसं म्हणतात ते मालवणकडच्या एखाद्या पाहुण्याला विचारा आणि गाणं पुन्हा ऐका. सापडेल.

सगळ्यांना हे आवडत होतं असं समजू नका. १९५२ पासून दहा वर्षं देशाचे नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपल्याकडचेच. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत. आकाशवाणीवरून सिनेमासंगीत जवळजवळ हद्दपारच झालं होतं. मग लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं! बिनाका गीतमाला ऐकायला शेजारीपाजारी एका रेडिओभोवती गोळा होत. केसकरांमुळे आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत घरोघर पोचलं हे खरंच आहे, त्याबद्दल त्यांचं ऋण मानायला हवं. पण पोरांच्या पायांना ठेका धरू नका असं सांगून कधी कुणी ऐकलंय का?

आणि ज्यांना वाटतं की असली उडती गाणी करणाऱ्याला गंभीर काही जमत नसणार, त्यांच्यासाठी एक गोष्ट. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लता मंगेशकरांनी कवी प्रदीप यांचं 'ऐ मेरे वतन के लोगो' म्हटलं, पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची चाल कुणाची? पुणतांब्याच्या अण्णांची! आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांच्या 'नवरंग'चं संगीतही त्यांचंच.

त्याच १९६३ साली ड्यूक एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन भारतात आला. मघाशी नाव घेतलं तोच, स्विंगचा बादशहा. हा दौरा तिकिटांच्या धंद्यासाठी नव्हता, त्याला पाठवलं होतं अमेरिकेच्या सरकारनं. तेव्हा अमेरिका आणि रशिया यांच्यात शीतयुद्ध चालू होतं. आम्ही किती चांगले हे जगाला दाखवायला अमेरिकेनं आपले जॅझ वादक देशोदेशी धाडले होते. यातली विसंगती बघा. जगभर देशाचं नाव उजळवायला पाठवलेले यातले कितीतरी वादक काळे, आणि घरी त्यांच्या माणसांना समान हक्कांचा कायदा मिळायला १९६४ साल उजाडावं लागलं.

दौऱ्यात सगळं सरळ पार पडलं असंही नाही. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडला, इस्पितळात ठेवावं लागलं आणि वाद्यवृंदाला त्याच्याशिवाय वाजवावं लागलं. बरा झाल्यावर गडी पुन्हा निघाला. पुढे तुर्कस्तानात असताना, नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाल्याची बातमी आली आणि दौरा तिथंच थांबला. परत गेल्यावर त्यानं या प्रवासावर एक मोठी रचना केली. त्यातल्या एका तुकड्याचं नाव आहे 'आग्रा'. ताजमहाल पाहून सुचलेला.

मधल्या काळात चौथीच्या वर्गाला मी एक अभ्यास दिला होता. लग्नाच्या वरातीत बँड आला की नुसतं नाचू नका, वादकाला त्याचं नाव विचारा, आणि तो वाजवायला कुठं शिकला ते विचारा. बरीच मुलं हात हलवत परत आली. दोघांनी मात्र काम केलं. त्यांना भेटलेला क्लॅरिनेटवाला आपल्या मामाकडून शिकला होता. पाच रेघांचं लिखाण त्याला येत नाही, रेडिओ ऐकून ऐकून गाणी बसवलेली. क्लॅरिनेटच्या तोंडाशी जी पातळ पट्टी लावतात, ती ओली होऊन खराब होते, म्हणून जादा पट्ट्या तो काडेपेटीत जपून ठेवतो. "आणि बाई," एकजण म्हणाला, "त्यो म्हणाला, मला आजवर कुणी नाव इचारलंच नव्हतं."

नावाचीच आणखी एक गोष्ट आहे. 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ बच्चन मोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि आपलं नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचं गाऊन सांगतो. ते तुम्ही टीव्हीवर कितीदा पाहिलं असेल! सिनेमा १९७७ चा, संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल. पण अँथनी गोन्साल्विस नावाचा खरा माणूस होता, हे तुम्हाला माहीत होतं का? गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक. सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवता वाजवता ते शिकवायचेही. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्या मुलांत एक होते प्यारेलाल. १९५८ साली गोन्साल्विस यांनी आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा एक मोठा वाद्यवृंदही उभा केला होता. पुढे ते अमेरिकेला गेले, परत आले आणि आपल्या गावी शांतपणे राहिले. शिष्यानं आपल्या गुरूचं नाव गाण्यात घातलं, आणि जे नाव पाटीवर आलं नव्हतं ते देशातल्या पोराटोरांच्या तोंडी गेलं. २०१२ साली ते वारले.

चिक चॉकलेट त्यांच्याआधीच, १९६७ साली गेले. मुंबईत १९७८ साली 'जॅझ यात्रा' हा मोठा महोत्सव सुरू झाला आणि देशोदेशींचे वादक पुन्हा या शहरात येऊ लागले, तो काळ काही त्यांना पाहायला मिळाला नाही. पण चिक यांना पाहायची सोय अजून आहे, आणि त्यासाठी तिकीट लागत नाही. पालकांनो, सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन 'अलबेला' लावा. 'दीवाना परवाना' हे गाणं येईपर्यंत थांबा. भगवानदादा आणि गीताबाली नाचत असतील, नजर त्यांच्यावरच जाईल. ती जरा मागे न्या. झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून एक वाद्यवृंद उभा आहे. त्यात ट्रम्पेट ओठांना लावून जो उभा आहे, तो हळदोण्याचा अंतोनियो वाझ.